अर्धी चिठ्ठी

बस खाली. गाडीची चावी इकडे ठेव, माझ्या चष्म्याच्या डबीजवळ. ठेव म्हटलं ना. बापाशी भांडून रात्री साडेअकराला गाडी काढणारा तू काही जगातला पहिला नाहीस. आणि तुझे हे दोन दोस्त तुला समजवायला आलेत की मागे बसायला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. सकाळी जायचं तर खुशाल जा, काका आडवा येणार नाही. आत्ता मात्र ऐका. गोष्ट फार लांब नाही, पण सांगताना मला दम लागतो, तेव्हा मध्येमध्ये बोलू नका.

मी कागद द्यायला गेलो होतो. सुरुवात एवढीच आहे.

पुतण्याला माहीत आहे, तुम्हा दोघांना नसेल. मी बावीस वर्षं वजनकाट्यावर नोकरी केली. गावाबाहेर खडीच्या खाणी, तिथून येणारा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला आमचा काटा. जमिनीलगत एक लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म, त्यावर अख्खा ट्रक उभा राहतो. बाजूला काचेची केबिन, केबिनीत कॉम्प्युटर, छपाईचं मशीन, ड्रायव्हरशी बोलायला माइक. बाहेर खांबावर एक पाटी, तिच्यावर लाल आकड्यात वजन दिसतं. लोक म्हणतात अंगावर काटा आला. आमचं सगळं आयुष्यच काट्यावर गेलं, आमच्या अंगावर काय येणार, असं मी तेव्हा म्हणायचो.

काम सोपं. ट्रक रिकामा आला की पहिलं वजन. खडी भरून परत आला की दुसरं. दुसऱ्यातून पहिलं गेलं की उरला तो माल. दुसरं वजन होत नाही तोवर चिठ्ठी अर्धी. तिची ओळ कॉम्प्युटरवर डाव्या कोपऱ्यात लाल दिसत राहते. ट्रक परत आलाच नाही तर कारण लिहायचं आणि ओळ रद्द करायची. आपली शिफ्ट संपताना लाल ओळ दुसऱ्याच्या गळ्यात टाकून जायचं नाही, हा आमचा धर्म.

आमचा म्हणजे दोघांचा. दिवसाचा मी आणि रात्रीचा तोळ्या.

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं. उंच, काडीसारखा, प्रकृती तोळामासा, म्हणून तोळ्या. शिफ्ट बदलताना काटा तपासायची आमची पद्धत होती. येणारा प्लॅटफॉर्मच्या बरोबर मध्यावर जाऊन उभा राहायचा आणि जाणारा आतून आकडा वाचायचा. मी ऐंशीचा नव्वद झालो, नव्वदचा पंचाण्णव झालो. तोळ्या उभा राहिला की आकडा एकच. पासष्ट. आमचा काटा पाचाच्या पटीत दाखवायचा, पण तोळ्याला तेवढा खाली-वर करायलाही जमलं नाही. मी माइकवरून ओरडायचो, "पासष्ट, चला, माल कमी आहे, परत पाठवा." बावीस वर्षं हाच विनोद, आणि तो दर वेळी हसायचा. बिचारा.

तर कागद. मार्च महिन्याची अकरा तारीख, सोमवार. छपाईच्या मशीनचा कागद संपत आला होता आणि नवं बंडल मी दुपारी घरी विसरलो होतो. रात्री दहाला तोळ्याचा फोन. मी सायकल काढली आणि निघालो. बघतो तर हा केबिनीत एकटाच हसत बसलेला. मला वाटलं, चढली वाटतं याला.

म्हणाला, दाजींचा फोन आला होता. हो म्हणाले.

आता हे हो कशाला, ते सांगतो. तोळ्याला एकच बहीण. बहिणीचा नवरा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, आणि त्यांना एकुलती एक मुलगी. तोळ्याला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे भाची म्हणजे त्याचा जीव. ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, वीस वर्षांची. काट्यासमोर टायर-पंक्चरचं दुकान होतं, तिथला पोरगा तेवीसचा. दिवसभर चाकांत हवा भरायचा आणि संध्याकाळी मोटरसायकल हवेसारखी पळवायचा, म्हणून सगळे त्याला वाऱ्या म्हणायचे. पोरगा वाईट नव्हता. उद्धटही नव्हता. फक्त त्याला कुठलीही गोष्ट उद्या हा शब्द लावून सांगितली की कळायची नाही. आणि भाची त्याच्या वरताण.

दोघांचं जमलं, हे गावाला आधी कळलं आणि बापाला शेवटी. त्या सोमवारी संध्याकाळी वाऱ्या सरळ दारात जाऊन उभा राहिला. हाताला अजून ग्रीस लागलेलं. म्हणाला, तुमची मुलगी मला द्या. अरे, असं विचारतात का? कुणी मोठं माणूस बरोबर न्यावं, दोन दिवस आधी कानावर घालावं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. कंपाउंडर भडकला. नाही म्हणाला, आणखी चार शब्द बोलला. भाचीने पाच शब्द परत केले. दार आपटलं गेलं.

पण कंपाउंडर मुळात मऊ माणूस. तासाभरात राग उतरला. बायकोने समजावलं, तोळ्याने फोनवर समजावलं. साडेनऊला त्यानेच तोळ्याला उलटा फोन केला. म्हणाला, दे म्हणतोस तर देतो, पोरगा कष्टाचा आहे. पण आज कुणी काही बोलायचं नाही. उद्या सकाळी चहाला बसलो की मीच सांगेन. बापाला उलटं बोलल्यावर रात्र कशी जाते, एवढं तिला कळू दे. तू शब्द दे मला.

तोळ्याने शब्द दिला.

मलाही गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. दोघं हसलो, चहा घेतला, कागद मशीनला लावला. अकराच्या सुमाराला मी निघालो. माझा रस्ता कंपाउंडरच्या घरावरूनच. भाचीच्या खोलीत दिवा होता. ती खिडकीशी पाठमोरी उभी, आणि पलंगावर एक बॅग उघडी पडलेली. मी पाहिली ती बॅग. सायकलची घंटा वाजवली असती तरी तिने वळून पाहिलं असतं. मी म्हटलं, उद्या कळेलच की पोरीला. आणि घरी येऊन झोपलो.

माणसाचा स्वभाव कसा असतो बघा. वाईट बातमी पोटात राहत नाही, आणि चांगली बातमी मात्र मुरवत ठेवायची. आपल्या हातात कुणाचं सुख आहे, हे एक रात्रभर चाखायला फार गोड लागतं.

पुढचं मला तोळ्याने सांगितलं, आणि एकदा नाही, पन्नास वेळा सांगितलं.

रात्री एक वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी मोटरसायकलचा आवाज आला. दोघं होती. पाठीला बॅग. मामाला सांगितल्याशिवाय पाय निघेना, म्हणून ती आली होती. मोटरसायकल सरळ प्लॅटफॉर्मवर आणून उभी केली, तशी त्याची सवयच होती. तोळ्या काच सरकवून बोलायला लागला. कुठे निघालात, कशाला निघालात, सकाळपर्यंत थांबा. सकाळ हा शब्द त्याने दहा वेळा उच्चारला असेल. भाची म्हणाली, "सकाळी काय होणार आहे, मामा? बाबा काय एका रात्रीत बदलणार आहेत?"

आणि हा गप्प बसला. शब्द दिला होता ना. शिवाय त्याच्या डोळ्यांसमोर उद्याची सकाळ होती, तिचा चेहरा कसा होईल ते त्याला बघायचं होतं. त्याने शक्कल काढली. म्हणाला, थांबा, तुमचं वजन करतो. बटण दाबलं. मोटरसायकल आणि दोघं मिळून दोनशे वीस किलो. गाडी नंबरच्या जागी त्याने टाकलं, भाची. म्हणाला, आत्ता तुम्ही दोघं रागाने भरलेली आहात. पुलापर्यंत जाऊन या, गार वारा लागू द्या. परत आलात की दुसरं वजन करतो, म्हणजे राग किती किलो होता ते कळेल. मग बसून बोलू.

ती हसली. खरंच हसली म्हणे. वाऱ्यालाही हसू आलं. तोळ्याला वाटलं, जिंकलो. पुलापर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं, मग चहा, मग गप्पा, तोवर उजाडतंय. गाडीला किक मारली तेव्हा ती मागे वळून म्हणाली, "येते, मामा."

पुलाच्या अलीकडे खडीचा एक ट्रक एक्सल तुटून रस्त्यातच उभा होता. मागचा दिवा नाही. तोळ्यानेच पाऊण तासापूर्वी त्याचं वजन केलं होतं. दिवा नाही म्हणून ड्रायव्हरला बोललाही होता. वाऱ्या नेहमीच्याच वेगात होता.

दवाखान्यात रात्रपाळीला एकटी नर्स. तिने कंपाउंडरच्या घरी माणूस पाठवला, की दोन पोरं आलीयेत अपघाताची, हात कमी पडतायत, लवकर या. कोण पोरं, ते त्या माणसालाही माहीत नव्हतं. कंपाउंडर शर्टाची बटणं लावत लावत आला, आणि...

जाऊ दे. पाणी दे जरा.

तोळ्या पोचला तेव्हा कंपाउंडर बाहेर बाकावर बसला होता. त्याने मान वर केली आणि एवढंच विचारलं, "तुझ्याकडे आली होती ना ती? तू सांगितलं नाहीस?"

तोळ्याची नजर त्याच्या अर्धवट लावलेल्या बटणांवर गेली.

"शब्द पाळलास," कंपाउंडर म्हणाला. रागाने नाही हं. अगदी साध्या आवाजात. त्यानंतर तो तोळ्याशी कधीच बोलला नाही.

सकाळी सहाला मी केबिनीत आलो तर कोपऱ्यात लाल ओळ. भाची, पहिलं वजन दोनशे वीस, एक वाजून पंचवीस मिनिटं. दुसरं वजन, कोरं. मला तोवर सगळं कळलं होतं. मी ओळ रद्द करायला गेलो. कारण काय लिहायचं तिथे? हात थांबला. म्हटलं, ज्याची ओळ त्याने पुसावी.

आठवड्याने तोळ्या कामावर आला. मी विषय काढला. तो म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, अरे, बघवत नाही. तर म्हणाला, "येते म्हणून गेलीय ती."

राहिली मग ती ओळ. मार्च गेला, एप्रिल लागला. रोज शंभर ट्रक यायचे, शंभर ओळी लाल होऊन जायच्या आणि ती एक तिथेच. मालकाने विचारलं तर मी सांगायचो, कॉम्प्युटरचा दोष आहे. खरं तर मला कंटाळा आला होता. दुःखाचासुद्धा कंटाळा येतो, बाबांनो, आणि तो दुसऱ्याच्या दुःखाचा असला की लवकर येतो.

एप्रिलच्या मध्यावर तोळ्या मला म्हणाला, रात्री काटा आपोआप चढतो. प्लॅटफॉर्म रिकामा, आणि आकडा दोनशे वीस. एक वाजून पंचवीस मिनिटांनी. तीन-चार मिनिटं राहतो आणि उतरतो. मी म्हटलं, खाली उंदीर असतील. दोनशे वीस किलोचे उंदीर, तो म्हणाला, आणि हसला नाही. मी मिस्त्री बोलावला. तो खाली शिरला, खडी काढली, वायरी तपासल्या, वजनं ठेवून बघितली. काटा सोन्यासारखा आहे म्हणाला. आठ दिवसांनी पुन्हा बोलावला. पुन्हा तेच. कॅमेऱ्याचं विचारू नका. तो मालकाने भिंतीला शोभेसाठी लावला होता.

तोळ्या दिवसेंदिवस सुकत चालला. पण गंमत बघा, काटा तपासायला उभा राहिला की आकडा पासष्टच. मी आता माइकवरून ओरडत नव्हतो.

शेवटी म्हटलं, एक रात्र मीच बसतो. अठ्ठावीस मे, मंगळवार.

साडेबाराला शेवटचा ट्रक गेला. मी खाणीच्या बाजूचं फाटक लावून आलो. रस्ता मोकळा. वारा नाही. आम्ही दोघं केबिनीत, एक दिवा. तोळ्या हातात माइक धरून बसला होता. मी म्हटलं, माइक कशाला? त्याने बाहेरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

एक वीस. बाहेरच्या पाटीवर शून्य.

एक तेवीस. शून्य. मला जांभई आली. म्हटलं, चला, मनाचे खेळ.

एक पंचवीस.

नव्वद.

मी डोळे चोळले. आवाज नाही. उजेड नाही. प्लॅटफॉर्म समोर, हातभरावर, रिकामा.

दोनशे वीस.

बावीस वर्षं हेच बघत आलो मी. आधी पुढचं चाक चढतं, मग मागचं. आधी थोडा आकडा, मग पूर्ण. वाऱ्यापावसाने असं होत नाही. असं फक्त गाडी चढल्यावर होतं.

तोळ्याने माइकचं बटण दाबलं. बाहेरचा भोंगा खरखरला. त्याने तोंड उघडलं...

काही नाही.

फक्त श्वास. भोंग्यातून त्याचा श्वास. अख्ख्या रस्त्यावर.

आकडा हलला. दोनशे पंधरा. दोनशे वीस. पुन्हा पंधरा. पुन्हा वीस. मागे बसलेलं माणूस वळून बघतं ना... तसा.

"भा..." तोळ्या म्हणाला.

मग पुन्हा श्वास.

मी त्याच्याकडे बघत होतो. बाहेर बघायची माझी हिंमत नव्हती. त्याचं बोट बटणावरून सुटलं. भोंगा बंद. तीन मिनिटं. चार.

एकशे तीस.

शून्य.

गेली.

उजाडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. पहिला ट्रक आल्यावर माझी जीभ सुटली. विचारलं, काय सांगायचं असतं तुला त्यांना?

तो म्हणाला, "हेच, की बाबा हो म्हणालेत."

मग सांग की, मी म्हटलं. त्यासाठीच येत असतील. ऐकलं की जातील.

तेव्हा तोळ्या जे बोलला ते मी अजून विसरलो नाही. "सांगितलं तर त्यांना कळेल ना, की उगाच मेलो. एका रात्रीसाठी मेलो. ती विचारेल, मामा, तेव्हाच का नाही सांगितलंस? काय सांगू मी? गंमत करत होतो?"

वरातीमागून घोडं नाचवण्यासारखंच होतं ते, आणि घोडं नाचवायचं त्याच्या एकट्याच्या नशिबी होतं. पण मला झोप आली होती, भीती वाटली होती, आणि दमलो होतो मी, दोन महिने तेच तेच ऐकून. मी म्हटलं, सांगून टाक एकदाचं. माइकवरून जमत नाही तर खाली उतर, समोर उभा राहा आणि सांग. तिला तू दिसायला हवास.

त्याने माइकची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, बरं. आज सांगतो. तू बसशील आजही सोबत?

मालकाला सांगून दुपारपर्यंतची सुट्टी घेतली आणि घरी गेलो, पण दिवसा झोप लागली नाही. दुपारी पुन्हा कामावर. संध्याकाळी तो आला, प्लॅटफॉर्मवर उभा राहिला, मी आतून वाचलं, पासष्ट. माझं अंग मोडून आलं होतं. तो पायरीशी थांबला होता, माझी वाट बघत. मी म्हटलं, "आजची रात्र जाऊ दे, तोळ्या. उद्या येतो. उद्या दोघं मिळून सांगू."

त्याने मान हलवली. रागावला नाही. या सगळ्यात कुणीच कुणावर धड रागावलं नाही, नाहीतर बरं झालं असतं. बापाने एक रात्र मागितली, मामाने एक रात्र मागितली, मीही एक मागितली. मागितली नाही फक्त त्या दोन पोरांनी. त्यांना तेवढंही थांबायचं नव्हतं.

तीस मे, गुरुवार. सकाळी सहाला मी पोचलो. लांबूनच पाटी दिसली. पासष्ट.

मला वाटलं, लवकर उतरला वाटतं तपासायला.

तो प्लॅटफॉर्मच्या बरोबर मध्यावर बसला होता. मांडी घालून, हात मांडीवर. मान थोडी कलती, एका अंगाला. दमलेला माणूस बसतो तसा. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा नाही मारली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, रात्री एक ते दोनच्या मध्ये. प्रकृती आधीच नाजूक, त्यात जागरणं. यात चमत्कार काही नाही, माणसं मरतात. मीही तेच म्हणालो असतो, आणि आत्तापर्यंत झोपलो असतो.

केबिनीला बाहेरून कुलूप होतं. खाली उतरताना तो कुलूप लावायचा, ती त्याची बावीस वर्षांची शिस्त. चावी त्याच्या खिशात निघाली, मी स्वतः काढली. कुलूप उघडून आत गेलो. आत कुणी नाही. खिडकीला आतून कडी. दुसरं वजन करायचं तर आत बसून आधी ओळ निवडावी लागते, मग बटण दाबावं लागतं, मग छपाईचं दुसरं बटण. प्लॅटफॉर्मवर बसलेल्या माणसाला ते करता येत नाही.

कॉम्प्युटरच्या डाव्या कोपऱ्यात लाल ओळ नव्हती. अडीच महिन्यांत पहिल्यांदा तो कोपरा कोरा होता.

आणि छपाईच्या मशीनला एक चिठ्ठी लोंबत होती. मीच आणून दिलेल्या त्या कागदावर. मी ती फाडून घेतली, पोलिसांना दाखवली नाही, कंपाउंडरला दाखवली नाही. माझ्या चष्म्याच्या डबीत असते. उघड ती. तळाशी बघ. हळू, घडीवर फाटत आलीय.

दिव्याखाली धर आणि वाच. नाही वाचवत? दे इकडे. मला पाठ आहे.

गाडी, भाची. पहिलं वजन दोनशे वीस, बारा मार्च, एक वाजून पंचवीस मिनिटं. दुसरं वजन दोनशे पंच्याऐंशी, तीस मे, एक वाजून पंचवीस मिनिटं.

माल, पासष्ट किलो.